वीस ग्रॅम शिसं

ताई फळीवर चढली तेव्हा काटा नेहमीसारखा कुरकुरला, आणि तिच्या भावानं, धाकट्यानं, नेहमीसारखी नजर दांडीवर रोवली. माणसाचं वजन करताना माणसाकडे बघायचं नाही, ही या दुकानाची शिस्त होती. बाबांनी घालून दिलेली. दुसरी शिस्त त्याहून कडक होती. आकडा तोंडानं उच्चारायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि ज्याचं वजन त्याच्याच हातात द्यायची. पोत्याचं वजन खुशाल ओरडून सांगा, बाबा म्हणायचे, पोत्याला लाज नसते.

बाबांना हे कळायला स्वतःचा देह पुरेसा होता. ते गेले तेव्हा मागच्या खोलीच्या दाराची चौकट काढावी लागली होती, आणि जमलेल्या माणसांपैकी कोणीतरी भिंतीआडून हळूच विचारलं होतं, "किती असेल हो?" धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्या प्रश्नाला आता तेहेतीस वर्षं झाली, तरी तो त्याच्या कानातून निघाला नव्हता.

रविवार असल्यामुळे दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. खालच्या फटीतून उन्हाचा पट्टा आत येऊन भिंतीशी मांडलेल्या तराजूंवर पडला होता. दुरुस्तीला आलेले, दुरुस्त होऊन न्यायला न आलेले, आणि ज्यांचे मालकच आता उरले नव्हते असे. मधोमध हा जुना मोठा काटा. ताईला फळीवर चढायला हल्ली दोन माणसं लागत. आज एका बाजूनं वहिनीनं आणि दुसऱ्या बाजूनं छकुलीनं तिला धरलं होतं. दादा गल्ल्यापाशी खुर्चीवर बसला होता. तो टपाल कचेरीतून गेल्या वर्षी निवृत्त झाला, पण अजून प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखा बोलायचा.

"सोडा मला आता," ताई म्हणाली. "तुमचं वजनही माझ्याच नावावर लागेल."

दोघी बाजूला झाल्या. ताई एकटी उभी राहिली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

धाकट्यानं वरच्या फडताळातला पत्र्याचा डबा उघडला, त्यातली शंभराची चकती काढली आणि दांडीच्या टोकाला टांगली. मग दांडीवरचं पितळी वजन एकेक खूण पुढे सरकवत नेलं. अठरावर दांडी हलकेच उचलली आणि मधोमध तरंगली. शंभर आणि अठरा. त्यानं चिठ्ठी लिहिली. लिहिताना हात कापला नाही, याचंच त्याला भय वाटलं. सात महिन्यांत हातही सरावला होता.

ताईनं घडी उलगडली, वाचली, आणि या घरात कधी घडलं नव्हतं ते केलं. चिठ्ठी दादाच्या पुढे धरली.

"वाच," ती म्हणाली. "एकशेवीसच्या खाली."

एकशेवीस या आकड्याला घरात एवढी किंमत का आली होती, तर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला काटा एकशेवीसवर संपत होता. आठ महिन्यांपूर्वी ताई पहिल्यांदा त्यावर उभी राहिली तेव्हा काट्यानं शेवटच्या खुणेला धडक मारली आणि तो तिथेच थरथरत राहिला. डॉक्टरीणबाई ओशाळल्या. पण ताई कुठल्या घरातली आहे हे कळल्यावर हसून म्हणाल्या, मग दर महिन्याला तुमच्याच काट्यावर वजन करा आणि मला चिठ्ठी पाठवा, तुमच्या काट्याइतका खरा काटा गावात दुसरा कुठे असणार? एकशेवीसच्या खाली आलात की माझ्या काट्यावर उभ्या राहा.

तेव्हा ताई एकशे सेहेचाळीस होती. दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन सुरू झालं. वहिनी औषधांच्या दुकानात वीस वर्षं होती. ती बर्फाच्या डबीतून ते घेऊन यायची आणि स्वतः टोचायची. पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. चिठ्ठी घेताना ताईनं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, तो लहान असताना ठेवायची तसा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालणं, त्याला शिकवणं, त्याच्या हातात पहिली कानस देणं, सगळं ताईनंच केलं. स्वतःचं लग्न तिनं का केलं नाही, असं कोणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या महिन्यात दांडी हललीच नाही. त्या सकाळी फळीवर चढता चढता ताई म्हणाली होती, "महिनाभर पोटात अन्न ठरत नाहीये रे. आज नाही उतरलं, तर मी हे सोडून देणार. जे व्हायचं ते होईल." हे ती रागानं म्हणाली नव्हती. बाबा शेवटच्या वर्षी जसं बोलायचे, तसं म्हणाली होती.

धाकट्यानं तेव्हा तिला सांगितलं, थांब, चकती साफ करून आणतो. मागच्या खोलीत जाऊन त्यानं चकतीच्या पोटातली खोबण उघडली. प्रत्येक चकतीला अशी खोबण असते. चकती झिजली की तिच्यात शिसं भरून वजन पुरं करतात. या काट्याचं गणित शंभरास एक असं होतं. एक किलोची चकती समोरच्या शंभर किलोंना पेलून धरायची. म्हणजे चकतीत वीस ग्रॅम शिसं जास्त घातलं, तर फळीवरचे दोन किलो नाहीसे होत. एवढंच. वीस ग्रॅम. चिमटीत मावेल एवढं.

ती चकती त्यानं वेगळ्या डब्यात ठेवली, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पोत्यांना ती कधी लागणार नाही. गिऱ्हाइकाशी त्यानं उभ्या जन्मात लबाडी केली नव्हती. पुढच्या महिन्याला ते दोन किलो परत द्यायचे, असं त्यानं ठरवलं होतं. पण ते परत द्यायचे म्हणजे ताईचं वजन वाढलेलं दिसणार. मग त्यानं आणखी वीस ग्रॅम घातले. खोटं एकदा टांगलं की खाली उतरवता येत नाही, त्यात भरच घालावी लागते.

आज चकतीत एकशेचाळीस ग्रॅम होतं.

"झालं तर मग," दादानं चिठ्ठी गल्ल्यावर ठेवून तिच्यावर हात आपटला. "आता ती सुई बंद. ताप उतरला की गोळी बंद करतात. जन्मभर तापाची गोळी कोण खातं?"

"तुम्ही खाता," वहिनी म्हणाली. "रक्तदाबाची. परवा आकडा चांगला आला म्हणून सोडलीत का?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. मी रोज गल्ल्यामागून बघते. हे इंजेक्शन घेऊन गालफडं बसलेली माणसं हसत हसत सांगून जातात, आता नको हो. सहा महिन्यांनी तीच माणसं परत येतात आणि मान खाली घालून तीच डबी मागतात."

मग दोघांचं जुंपलं. दादाचं म्हणणं, आठ महिने तिला मळमळतंय, केस गळताहेत, पानावरचा घास पानात राहतो. माणूस बारीक होतंय की विझतंय तेच कळत नाही. यातलं खोटं काहीच नव्हतं. वहिनीचं म्हणणं, डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे औषध चष्म्यासारखं आहे, डोळ्यावर आहे तोवर दिसेल, काढलात की पुन्हा धूसर. हेही खरं होतं. एरवी या घरात दादा आणि वहिनी एका बाजूला आणि ताई आणि धाकटा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी वर्षानुवर्षं ठरलेली होती. त्या सुईनं ती मोडली होती. दादा ताईच्या बाजूला गेला होता आणि वहिनी एकटी पडली होती. धाकटा कुठल्याच बाजूला नव्हता, आणि हे अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

छकुली आता पुढे झाली. ती दादा-वहिनींची एकुलती एक मुलगी. हाडांच्या दवाखान्यात रोग्यांकडून व्यायाम करून घ्यायची. छकुली हे नाव पाळण्यातलं. आता ते तिच्या अंगावर दाटायचं, आणि कोणी हसण्याआधी तीच हसून घ्यायची. पण बाबांचा बांधा ताईकडे आला होता आणि ताईचा आता तिच्याकडे, हे आरशालाही कळत होतं. घरच्या काट्यावर ती बारा वर्षांत चढली नव्हती.

"आत्या, उद्या उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "ऑपरेशनची जागा पुढच्या महिन्यात रिकामी आहे. ती सोडू नकोस."

पोटाची पिशवी लहान करायचं ते ऑपरेशन. ती जादू नाही, असं छकुलीनंच यापूर्वी दहादा सांगितलं होतं. नंतरही जन्मभर गोळ्या, जन्मभर तपासण्या, मोजून चार घास, आणि एवढं करून थोडं वजन परत येतंच. पण ताईसारख्या वजनाला सगळ्यात जास्त वर्षं टिकतं ते तेच. डॉक्टरीणबाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या की तीन महिने इंजेक्शन देऊन बघू, पुरेसं उतरलं नाही तर वाट बघत बसायचं नाही, हृदय धड आहे तोवर सरळ ऑपरेशन करून टाकायचं.

पण चिठ्ठ्या दर महिन्याला खाली उतरत होत्या. इतक्या थोड्या औषधावर इतकं उतरतंय, शिवाय उलट्याही होताहेत, तर मात्रा वाढवायची कशाला, असं बाईंनी ठरवलं. पहिल्या दिवशी दिली होती तीच कमी मात्रा आजही चालू होती. ऑपरेशनही लांबणीवर पडलं. आणि इकडे ताईचा दम वाढत गेला. आधी जिना सुटला, मग आडवं झोपणं सुटलं. आता ती दुकानामागच्या खोलीत खुर्चीतच झोपायची. वजन दर महिन्याला उतरतंय आणि दम मात्र वाढतोय, हे गणित डॉक्टरीणबाईंना सुटेना. त्यांनी फुप्फुसं तपासली, रक्त तपासलं, आत कुठे गाठ तर नाही म्हणून यंत्रात घालून बघितलं. त्यात तीन महिने गेले. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की हृदय थकलंय, भूल द्यायची तर एकशेपंचवीसच्या आत वजन हवं. बाईंनी ताईच्या चिठ्ठ्या दाखवल्या. म्हणून ती जागा मिळाली होती.

हे सगळं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्याला त्यापलीकडचंही ठाऊक होतं. फळीवर उभी असलेली ताई एकशे बत्तीस होती.

आज सकाळी तो खरी चकती घेऊनच काट्यापाशी आला होता. ती आत्ताही त्याच्या डाव्या हाताशी, फळकुटावर होती. सांगून टाकायचं, असं ठरवून तो पहाटे उठला होता. पण ताई भिंत धरत धरत बाहेर आली. केस विंचरलेले, लग्नकार्याला नेसावं तसं स्वच्छ पातळ. आणि म्हणाली, "आज खाली येणार बघ." त्याचा हात आपणहून पत्र्याच्या डब्याकडे गेला.

"मला विचाराल की नाही?" ताई म्हणाली. तिला खुर्ची दिली होती आणि ती दोन्ही हात मांड्यांवर टेकून श्वास गोळा करत होती. "सुई नको. सुरी पण नको. मी स्वतःशी बोलले होते, एकशेवीसच्या खाली आले की सगळं बंद. बाबांना जे जमलं नाही ते मला जमलं. पुढचं माझं मी बघेन. जेवतेच कुठे मी."

"आत्या, दम?"

"दम जाईल हळूहळू. वजन गेलं तसा."

वहिनीनं तोंड फिरवलं. दादा समाधानानं मान हलवत होता. मग ताई धाकट्याकडे वळून हसली.

"ती चकती दे रे जरा. आठ महिने तिनं मला तोललंय. उद्यापासून मी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर. तिला निरोप देते."

धाकट्यानं दांडीवरची चकती काढली.

ताईच्या तळव्याची या धंद्यात ख्याती होती. वाकता येत होतं तोवर चकत्यांमध्ये शिसं भरायचं काम तिचंच. व्यापारी आपली वजनं आणून तिच्या हातावर ठेवत आणि ती काट्यावर न टाकताच सांगे, हे दोन तोळे खाल्लंय, हे बरोबर आहे. बाबा म्हणायचे, पोरीचा तळवा खोटं बोलत नाही, आणि तिच्याशी कोणाला बोलताही येत नाही.

त्याच्या उजव्या हातात भरलेली चकती होती आणि डाव्या हाताशी खरी. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. ताई त्याच्या हाताकडे बघत नव्हती, छकुलीला काहीतरी सांगत होती. डावा हात पुढे केला असता तरी कोणाला कळलं नसतं. निदान उद्यापर्यंत. आणि उद्या तिला सगळ्यांसमोर, दवाखान्यात, त्या शेवटच्या खुणेला धडकताना पाहायचं. किंवा ती उद्या जाणारही नाही, सगळं बंद केलं म्हणून इथेच खुर्चीत बसून राहील, आणि एक दिवस चौकट काढावी लागेल.

त्यानं उजव्या हातातली चकती तिच्या तळव्यावर ठेवली.

ताईचं बोलणं मध्येच तुटलं. तिनं चकतीकडे पाहिलं नाही. तळवा किंचित वर-खाली केला, एकदा, दोनदा. मग बोटं मिटली. 

"किती?" तिनं विचारलं.

"एकशेचाळीस."

"ग्रॅम?"

"हं."

तिला हिशोबाला वेळ लागला नाही. तिनं डोळे मिटले आणि उघडले. "चौदा किलो," ती म्हणाली. दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली गोष्ट सांगावी तसं.

पहिलं कळलं ते दादाला. तो कितीही शिक्के मारत असला तरी याच काट्याभोवती खेळून मोठा झालेला होता. तो उठला, धाकट्याची कॉलर धरली, आणि काय करायचं ते न सुचून तशीच धरून राहिला. वहिनीनं त्याचा हात सोडवला. छकुलीला अजून उलगडा होईना, तेव्हा वहिनीनंच तिला हलक्या आवाजात समजावलं. शिसं, चकती, चिठ्ठ्या. समजावता समजावता तिनं मान खाली घातली, कारण कमी मात्रेची डबी दर आठवड्याला तीच आणत होती. मात्रा वाढवायला हवी का, असं तिला दोनदा वाटलं होतं, आणि दोन्ही वेळा चिठ्ठ्या खाली उतरताहेत म्हणून तिनं तो विचार सोडून दिला होता.

"तू मारलंस तिला," दादा म्हणाला.

"आणि तुम्ही आत्ता सुई बंद करायला निघाला होतात," वहिनी म्हणाली. "त्याला बोलायचा हक्क आपल्यापैकी कोणाला आहे ते आधी ठरवा."

"मी फसलो. त्यानं फसवलं."

"आकडा बघून सगळेच फसलो. तिच्या श्वासाकडे कोणी बघितलं? रात्रभर खुर्चीत बसलेली असते ती."

दादा खुर्चीवर बसला. 

धाकट्यानं सांगायचा प्रयत्न केला. दुसरा महिना, ताई सोडून देणार म्हणाली होती तो दिवस, वीस ग्रॅम, पुढच्या महिन्याला परत द्यायचे होते. मनात सात महिने घोळवलेलं सगळं तोंडातून निघताना पोरकट वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "तुला धीर यावा म्हणून, ताई."

"धीर आला होता," ताई म्हणाली. "म्हणून तर हे गिळलं मी. उलट्या, दम, सगळं. म्हटलं, त्रास होतोय पण उतरतंय ना." तिनं चकती मांडीवर ठेवली. "या दुकानातून बाहेर गेलेला एक काटा असा नाही की मी तपासला नाही. तुझा मी कधी तपासला नाही रे."

हे ती ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं.

छकुली शटरखालून वाकून बाहेर गेली आणि फुटपाथवर उभी राहून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. फटीतून तिची नुसती पावलं दिसत होती. ती आधी येरझारा घालत होती, मग एका जागी थांबली. परत आली तेव्हा तिनं सगळं रोग्याच्या नातेवाइकांना सांगतात तसं सांगितलं, एका दमात आणि कोणाकडेही न बघता. पुढच्या महिन्याची जागा गेली. इतक्या वजनाला, या हृदयानं, भूल देणार नाहीत. पाच महिन्यांपूर्वी हृदय बरं होतं, तेव्हा याहून जास्त वजनालाही केलं असतं. आता पुढच्या आठवड्याच्या सुईपासून मात्रा वाढवायची, तीही पायरीपायरीनं, एकदम वाढवता येत नाही. बरोबर हृदयाची औषधं. चार-पाच महिन्यांनी पुन्हा बघायचं.

"तोवर?" दादानं विचारलं.

"तोवर हृदयानं थांबायला हवं."

"आणि थांबलं नाही तर?"

छकुलीनं फोन गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाली की बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की बाकीच्या चिठ्ठ्यांवरचे खरे आकडे मिळतील का. मिळाले तर औषधानं किती काम केलं ते कळेल. काहीतरी केलंच आहे, असं त्या म्हणाल्या.

"मिळतील," ताई म्हणाली. "वही काढ."

धाकट्यानं गल्ल्यातून चिठ्ठ्यांची वही काढली आणि पेन उघडलं.

"लिहू नकोस नुसतं. बोल. मोठ्यानं."

त्यानं वर पाहिलं. या दुकानात, या काट्यापाशी, माणसाचा आकडा आजवर कोणी उच्चारला नव्हता. बाबांच्या भिंतीवरच्या फोटोकडे सगळ्यांचीच नजर गेली, आणि सगळ्यांनीच ती वळवून घेतली.

"बाबा म्हणायचे..." धाकट्यानं सुरुवात केली.

"बाबा गेले," ताई म्हणाली. "न बोलताच गेले. बोल तू."

"पहिला महिना," धाकटा म्हणाला, "एकशे त्रेचाळीस." तो खरा होता. "दुसरा. एकशे त्रेचाळीस." मग तिसरा, चौथा. प्रत्येक महिन्याचं शिसं त्याला तोंडपाठ होतं, त्यामुळे खरा आकडा काढताना तो अडत नव्हता. तो रोज निजताना तेच तर मोजत होता. पाचव्या महिन्यावर त्यानं वही मिटली. ताई थांबली नाही, म्हणाली, पुढचा. सातवा, एकशे तेहेतीस. आठवा.

"आजचा असा नाही चालणार," ताई उठायला धडपडत म्हणाली. "खरी चकती लाव."

वहिनी आणि दादा, दोघांनी तिला फळीवर चढवलं. दादानं आजवर तिला असा कधी हात दिला नव्हता. फळकुटावरची चकती धाकट्यानं टोकाला टांगली. पितळी वजन अठराच्या पुढे गेलं, वीसच्या पुढे, पंचवीसच्या पुढे. प्रत्येक खूण ओलांडताना बारीक टक असा आवाज होत होता आणि ताई तो ऐकत होती. दांडी तरंगली.

"एकशे बत्तीस," धाकटा म्हणाला.

छताखाली तो आकडा जरा वेळ तसाच राहिला. कोणी हसलं नाही. भिंतीआड कोणी नव्हतं.

"चौदा उतरलेत तर," ताई म्हणाली. "खरे." आणि मग तिला धाप लागली. तिला खुर्चीत बसवून पाणी देऊन वारा घालण्यात बराच वेळ गेला. ओठांचा निळसरपणा गेल्यावर वहिनीनं बर्फाची डबी उघडून पाहिली. आठवड्याची सुई आजचीच होती. ताईनं पदर बाजूला केला. दादा खिडकीकडे बघत राहिला, पण बंद कर म्हणाला नाही.

मग काटा कुरकुरला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. छकुली चपला काढून फळीवर चढली होती. हात अंगाशी घट्ट, डोळे मिटलेले, शाळेत छडी खायला उभी राहावी तशी.

"माझंही करा," ती म्हणाली. "मोठ्यानं."

धाकटा सवयीनं पुढे झाला.

"तू नको," ताई म्हणाली. "माझी खुर्ची सरकवा तिकडे."

वहिनीनं आणि दादानं खुर्ची ताईसकट काट्यापाशी सरकवली. फरशीवर चार लांब ओरखडे उठले. खुर्चीत बाजूला पडलेली भरलेली चकती ताईनं धाकट्याला दिली. नुसती त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्यावर मिटवली. ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना. तो ती धरून भिंतीशी, दुरुस्तीला आलेल्या तराजूंमध्ये उभा राहिला.

ताईनं आधी छकुलीला उतरायला लावलं, टोकाची चकती काढली आणि रिकामी दांडी पाहिली. वीस किलोची दोन प्रमाण वजनं दादाकडून फळीवर ठेवून घेतली, दांडी चाळीसवर तरंगते का ते पाहिलं. मग वजनं काढून छकुलीला पुन्हा चढवलं. इतकं सगळं तिनं एका हातानं केलं. दुसरा हात छातीवर होता.

"डोळे उघड," ती म्हणाली. "दांडीकडे बघ. माझ्याकडे नको."

छकुलीनं डोळे उघडले. ताईनं पितळी वजनाला बोट लावलं आणि ते पुढे ढकललं. एक खूण, मग श्वास. एक खूण, मग श्वास.